क्लचवरचा पाय

आमच्या ट्रकचं क्लचचं पेडल दाबलं की तळाशीच बसून राहायचं. मग कुणी त्यावरचा पाय सावकाश उचलावा तसं वर यायचं. चिखल्याच्या खाणीतून मँगनीज वाहणारा हा ट्रक बाबांनी जुना विकत घेतला होता. आधीचा ड्रायव्हर त्याच सीटवर, छातीत कळ येऊन गेला. डावा पाय क्लचवरच होता, म्हणे. माल भरणाऱ्या बाया केबिनकडे पाठ करून जेवायच्या.

त्या ड्रायव्हरची बायको मात्र तसं करत नसे. तीही आमच्याच गाडीवर भराईला होती. दुपारच्या सुट्टीत ती केबिनमध्ये चढायची, हातानं पेडल दाबून सोडायची आणि डबा मांडीवर घेऊन ते वर येईस्तोवर बघत बसायची.

"काय पाहून राहिली मावशी?" मी एकदा विचारलं.

"बोलू नको बाबू. उठून राहिले ते."

भर उन्हात माझ्या मानेवर काटा आला, आणि त्याचाच मला संताप आला. मी अंधश्रद्धा निर्मूलनाची पत्रकं वाचून वाढलेला. भूत, भानामती, अंगात येणं, सगळ्यांवर माझ्याकडे छापील उत्तर होतं. एका बाईला तिच्या दुःखात असं फसू देणं हा अन्याय आहे, असं मी घरी ठणकावून सांगितलं.

"भाषण नको देऊ, पाना दे," बाबा म्हणाले. "क्लचची लाइन बदलवाचीच आहे. उतारावर गिअर नाही निघाला तं आपणच भूत होऊ."

अंगणात मोहाखाली आम्ही क्लचचे वरचा आणि खालचा असे दोन मुठीएवढे सिलिंडर आणि मधला ऑइलचा पाइप काढला. बाबांनी वरच्या सिलिंडरातला फुगून चिकट झालेला रबर माझ्या तळहातावर ठेवला. "हे घे तुझं भूत."

नवं सगळं बसवून ब्रेक ऑइल भरलं. मग हवा काढायची. मी केबिनमध्ये पेडल दाबून धरायचो, बाबा खाली निप्पल उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे. "दाब... धर..." गाडीच्या पोटातून येणारा आवाज बाबांचाच होता, पण पत्र्यातून तो ओळखीचा वाटत नव्हता. मी दोनदा वाकून खाली पाहिलं. शेवटी पेडल टणक झालं.

मी मावशीला बोलावून आणलं. तिनं हातानं पेडल दाबलं, सोडलं. ते झटकन वर आलं. तिनं पुन्हा दाबलं.

"गेले," ती म्हणाली.

"नव्हतेच मावशी. रबर फुगला होता."

"तू पाहिलं होतं त्यायले कधी?"

तिनं जुना खालचा सिलिंडर मागितला. "देऊ नका बाबा," मी म्हणालो, "उद्या त्याले शेंदूर फासतील, परवा नारळ फोडतील." बाबांनी तो फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिला. "लोखंड आहे. नेऊ दे."

त्यानंतर ती कामावर आलीच नाही. मुकादम म्हणाला, उद्या दिसली नाही तर दुसरी बाई घेतो. मी तिच्या घरी गेलो. दुपारची वेळ, दार सताड उघडं. शेंदूर कुठं नव्हता. दोन ताटं वाढलेली होती आणि एका ताटापुढे पाटावर सिलिंडर होता. तिनं त्याचा दट्ट्या बोटानं आत दाबला आणि सोडला.

"मावशी, उद्या ये. नाही तं नाव कापून राहिले तुझं."

"बस. आता जरा वेळ लागते त्यायले."

मी बसलो. दट्ट्या हलेना. भात निवत होता. बाहेर कावळ्याचाही आवाज नव्हता. आणि मग तो केसभर बाहेर सरकला. आत स्प्रिंग असते, चिकटली की उशिरा सुटते. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

"पाहिलं?"

"पाहिलं," मी म्हणालो.

"सांग मुकादमाले, येते म्हणा. त्यायले घरी एकटं कायले ठेवू आता?"

दुसऱ्या दिवशी ती फडक्याची गाठोडी छातीशी धरून ट्रकवर चढली. बायांनी सरकून जागा केली, एका माणसाला लागते त्याहून थोडी जास्त. गाडी सुटली तरी त्या जागेत कुणी सरकलं नाही.