पाणपिसूचं हृदय

आमची लॅब इंदौरजवळच्या राऊच्या थोडी पुढे आहे. कारखान्यांतली केमिकल्स आमच्याकडे येतात. ती किती विषारी आहेत आणि ड्रमवर धोक्याचं कुठलं चिन्ह लागणार, हे आम्ही तपासून सांगतो. माझ्याकडे पाण्याचं काम. केमिकल नाल्यात गेलं तर तिथल्या जीवांचं काय होईल, ते मी पाणपिसवांवर, म्हणजे पाण्यात पिसवांसारख्या उड्या मारणाऱ्या बारीक जीवांवर बघते. मोठी पाणपिसू तिळाएवढी असते. टेस्टला मात्र नुकती जन्मलेली पिल्लं घेतात, खसखशीच्या दाण्यासारखी.

एकदा कापडावरच्या प्रक्रियेत वापरायचं एक केमिकल आलं. टेस्ट संपायच्या दिवशी कंपनीचे एक अधिकारी स्वतः आले. आमच्यासारखेच जुने इंदौरी मराठी, रिटायरमेंटच्या जवळ आलेले.

"मॅडम, उंदरांच्या टेस्टमध्ये तर हे पास झालंय. मग ह्या किड्यांसाठी कशाला इतकी झंझट?"

"बघा तर खरं," मी म्हटलं.

मी एकेक बीकर हलकेच हलवू लागले. साध्या पाण्यातली पिल्लं टुणटुण वर येत होती. पुढच्या बीकरांमध्ये केमिकलचं प्रमाण वाढत गेलं तशी हलणारी कमी होत गेली. शेवटच्या बीकरमध्ये सगळी तळाशी पडलेली.

"ह्यात किती टाकलंय?"

"बादलीभर पाण्यात एक थेंब पडेल ना, त्याहूनही कमी."

त्यांनी बीकर उजेडात धरला. "पाणी तर एकदम साफ दिसतंय!"

मधल्या एका बीकरमधलं, न हलणारं पिल्लू मी मायक्रोस्कोपखाली ठेवलं. पाणपिसूचं अंग काचेसारखं असतं, आतलं सगळं दिसतं. एकच काळा डोळा, शेवाळ खाऊन हिरवी झालेली आतडी आणि पाठीशी हृदय. अधिकारी मायक्रोस्कोपवर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"मॅडम, ही मेलीये ना?"

"हलत नाही, म्हणून टेस्टच्या हिशेबात गेली. मेली नाहीये अजून."

"मग हे जे धडधडतंय…"

"हृदय आहे तिचं."

मग मी पाळीव पाणपिसवांच्या बरणीतली एक आई काढून त्यांना दाखवली. तिच्या पाठीतल्या पिशवीत पिल्लांचे काळे डोळे दिसत होते. ते बघत असतानाच ती एकदा वाकली आणि एक पिल्लू सुटून पोहत निघालं.

"अरे बाप रे! आलं ना बाहेर!" ते मोठ्यानं म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी हे कित्येक वर्षं बघतेय, तरी त्या क्षणी मीही श्वास रोखून उभी होते. एवढ्याशा देहात केवढं सगळं बसवलेलं असतं!

केमिकल पाण्यासाठी सर्वांत धोकादायक श्रेणीत गेलं. ड्रमवर मेलेल्या माशाचं आणि वाळक्या झाडाचं चिन्ह लागणार होतं. त्यांनी वाद घातला नाही.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. टाक्या धुतलेलं पाणी आजवर सरळ नाल्यात जात होतं. आता ते वेगळं साठवून, साफ करूनच सोडणार होते.

"मालक ऐकायलाच तयार नव्हते. म्हणाले, पाण्यात दिसत तर काहीच नाही. मी म्हटलं, चला राऊला, दाखवतो."