वाकळीचा चौथा कोपरा

शिडीला घाबरणारा वैमानिक उभ्या जगात एकच झाला, आणि तो लागोपाठ तीन हंगाम बोरीला आमच्या घरी जेवायला होता. हे सांगितलं की नातवंडं हसतात. हसू देत बापडी. सत्तर सालानंतरची ती वर्षं. कपाशीवर किडीचा जोर झाला की फवारणीसाठी एक लहानसं पिवळं विमान आमच्याकडं येई. ज्या कंपनीचं ते होतं तिच्याकडं म्हणे अशी दोनच विमानं होती. गावाबाहेरच्या माळावर दगड वेचून, रूळ फिरवून धावपट्टी केलेली. एका टोकाला तंबू, तंबूत औषधाची पिंपं, आणि विमानात एकच खुर्ची. त्या खुर्चीत आमचे विमानवाले भाऊजी. खरं म्हणजे ते आमचे कुणीच नव्हते. माझे मालक शाळेत मास्तर. पहिल्या दिवशी भाऊजी प्यायचं पाणी मागायला शाळेत शिरले, मास्तरांच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला दिसला, आणि तहान विसरून तिथंच बसले. दिवस मावळल्यावर मास्तर त्यांना जेवायला घरी घेऊन आले, आणि पहिली भाकरी ताटात पडायच्या आत मी वहिनी झाले.

मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. मॅट्रिक झालेली, आणि गावात इंग्रजी वाचता येणारी एकुलती एक सून. माझ्या अंगात शहाणपणा मावत नसे. बोलता बोलता सांडायचा, आणि सासूबाई तो मुकाट्यानं केराबरोबर झाडून टाकायच्या. जगातलं सगळं मला कळत होतं, फक्त विमानात बसायचं राहिलं होतं. तेही मी पहिल्याच आठवड्यात भाऊजींना सांगून टाकलं. ते म्हणाले, "बसा की वहिनी. एकच खुर्ची हाय, म्हणजे चालवायचं पण तुमालाच."

भाऊजी हैदराबादला वाढलेले, त्यामुळं त्यांच्या मराठीत दर चार शब्दांमागं एक 'हौ' नाहीतर 'नक्को' असायचा. अंगानं काटकुळे, मिशी मात्र भरघोस. वारा पडलेला असताना, सकाळच्या पहिल्या उजेडात ते विमान घेऊन निघत आणि बाभळीच्या शेंड्यांना हात लावता येईल इतक्या खालून पिकावरून जात. रानाच्या दोन्ही टोकांना पांढरी निशाणं घेऊन गडी उभे असत; विमान अंगावर आलं की निशाण टाकून ते पालथे पडत. असा हा माणूस, पण जमिनीवर उतरला की त्याला सगळ्याचं भय. मास्तरांची सायकल मागून न्यायचे आणि हातात धरून चालत जायचे. सासूबाई म्हणायच्या, "अरे लेकरा, बस की तिच्यावर!" तर म्हणायचे, "नक्को आई. सायकल पडती. विमान पडत न्हाई, ते उतरतं." आमच्या धाब्याच्या घराला माळवदावर, म्हणजे वरच्या मातीच्या गच्चीवर, जायला लाकडी शिडी होती. मूग-उडदाच्या शेंगा वर वाळत घातलेल्या असायच्या. एकदा मी म्हटलं, भाऊजी, तेवढं सूप वर नेऊन ठेवा. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्या पायरीकडं बघितलं, आणि सूप माझ्या हातात देऊन म्हणाले, "वहिनी, मला आज ताप असल्यासारखं वाटायलंय."

हातांना औषधाचा वास राहतो म्हणून जेवायच्या आधी ते राखेनं आणि चिंचेनं हात इतके घासत की सासूबाईंनी एकदा त्यांना घरातली भांडीच घासायला देऊ का म्हणून विचारलं. लहान पोरांना कधी उचलून घेत नसत. जीव लावत, पण लांबून. आणि त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे रिकामी फेरी. औषध भरायच्या आधी ते एकदा नुसतंच विमान घेऊन गावावरून आणि रानावरून घिरटी घालून येत. हे कंपनीनं सांगितलेलं नव्हतं. इंधन फुकट जातं म्हणून उलट तिथून बोलणीच खायला लागत. पण आमच्या गावातल्या बायका त्या फेरीचा आवाज ओळखू लागल्या. घरघर ऐकू आली की कोंबड्या डालग्याखाली, पाण्याच्या घागरी आत, वाळवण गोळा. तरीही कुणाचं काही उघडं राहिलंच, तर भाऊजी खाली उतरत, सायकल हातात धरून त्या घरापर्यंत चालत जात आणि दारातून सांगत, "बाई, तुमच्या माळवदावर उडीद हायेत. झाका, मग मी परत उडतो."

या रिकाम्या फेरीमुळं त्यांना सगळं गाव वरून पाठ झालं होतं. गंगारामचा बैल दोन दिवस सापडत नव्हता. तिसऱ्या दिवशी विमान ओढ्याकाठच्या पळसावर तीनदा पंख हलवून गेलं. गाव धावत गेलं, तर बैल तिथं निवांत रवंथ करत बसलेला. झालं! त्या दिवसापासून त्यांच्या तंबूपुढं दरबार भरू लागला. कुणाची शेळी, कुणाची वासरं, एकीनं तर नवराच विचारला. "आमचे हे दिसले का वो कुटं?" भाऊजींनी 'न्हाई' म्हणून मान हलवली. हे कुठं आहेत ते त्यांना पक्कं ठाऊक होतं; चिंचेखाली पत्ते कुटणारं टोळकं ते रोजच बघत. पण रात्री मास्तरांना म्हणाले, "जनावर सांगावं. माणूस सांगू न्हाई. वरून बघणाऱ्यानं तेवढं पथ्य पाळावं."

तिसऱ्या हंगामाच्या अखेरीला ते पत्र आलं. त्यांच्याबरोबर उडायला शिकलेला एक मित्र मोठ्या विमान कंपनीत होता. तिथं माणसं घेत होते. यायचं असेल तर महिन्याच्या आत कळव, असं त्यानं लिहिलं होतं. भाऊजींनी ते पत्र खिशात घालून गावभर फिरवलं. न्हाव्याला विचारलं, गंगारामला विचारलं, माझ्या मते बैलालाही विचारलं असावं. गंगाराम म्हणाला, "जावा की. आमच्या बोरीवरूनच जात असंल ना ते? येता-जाता आमच्या जनावरांवर नजर ठेवा म्हणजे झालं." हे गावात सगळ्यांना पटलं. मलासुद्धा! मॅट्रिक झालेल्या मला!

आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी मास्तरांच्या पदवीचा कागद चौकटीत लावलेला होता. वरची पायरी मिळाली तर सोडायची नाही, हे आमच्याकडं कुणी कुणाला सांगावं लागत नसे. त्या एका कागदासाठी दोन पिढ्या मातीत राबल्या होत्या. त्यामुळं मोठी नोकरी चालून आली असता हा माणूस 'जाऊ का नको' असं विचारतो, हेच मला कळेना. आणि खरं सांगायचं तर माझा त्यात मतलब होता. मोठ्या विमानात पुष्कळ खुर्च्या असतात. त्यातल्या एका खुर्चीसाठी मी पेटीतली इरकली साडी काढून, उन्हात घालून, पुन्हा घडी करून ठेवलीसुद्धा होती.

"भाऊजी, असं किती दिवस बाभळीच्या शेंड्यावरून उडणार?" मी एकदा जेवताना विचारलं.

"तिथूनच तर दिसतं, वहिनी."

"मोठ्या विमानातून जास्त दिसंल. जेवढं उंच तेवढं लांबचं."

त्यांनी ताटात बोट फिरवलं. "त्यात रिकामी फेरी नसती, वहिनी. आणि पहिली दोन-चार वर्षं नुसतं शेजारी बसायचं."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, त्याला वर कोण वळखीचं हाय?" मी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की आज आठवलं तरी मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. मास्तर पटाकडं बघत म्हणाले, "चाल त्याची हाय. त्याला करू द्या."

महिना संपत आला. भाऊजींचं अक्षर म्हणजे वाऱ्यात सापडलेलं विमान, म्हणून त्यांनी मला दोन पत्रं लिहायला सांगितली. एकात 'येतो', दुसऱ्यात 'येत नाही'. मी माझ्या गोल अक्षरात दोन्ही लिहिली, त्यांनी खाली सह्या केल्या, पाकिटं बंद केली, आणि ओळखू यावं म्हणून 'येतो'च्या कोपऱ्यावर मी टिंब दिलं. "उद्या सकाळच्या फेरीत ठरवतो आणि उतरल्यावर टाकतो," ते म्हणाले. दोन्ही पाकिटं फळीवर राहिली. सकाळी ते उडाले, आणि मी 'येतो' घेऊन टपालपेटीपाशी गेले. पाकीट आत पडल्याचा आवाज ऐकूनच परतले. शहाण्या माणसाला कुणाला विचारावं लागत नाही.

त्या दिवशी ते फार वेळ वर राहिले. आले, हात धुतले, फळीकडं बघितलं. एकच पाकीट होतं.

"टाकलं, वहिनी?"

"टाकलं."

"कोणतं?"

"जावा म्हणणारं."

त्यांनी उरलेलं पाकीट फळीवरून काढून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "हौ. बरं केलं." एवढंच. ठरवून ते काय आले होते, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, तुम्ही वरून जाल तेव्हा आमचं घर ओळखायला खूण पाहिजे. मी माळवदावर लाल वाकळ पसरून ठेवते. हे ऐकून मात्र ते हसले, आणि अचानक शिडी चढू लागले. पंधरा पायऱ्या! घामानं निथळत, डोळे अर्धे मिटून चढले. वर गेल्यावर वाकळ स्वतः अंथरली, तीन कोपऱ्यांवर तीन दगड ठेवले. चौथा दगड सापडेना, तर खाली वाकून म्हणाले, "वहिनी, वरवंटा द्या." मी पाट्यावरचा वरवंटा वर दिला. तो चौथ्या कोपऱ्यावर ठेवून ते बसल्या बसल्या घसरत खाली आले, आणि सायकल न मागता स्टँडवर गेले.

पुढच्या हंगामाला त्याच पिवळ्या विमानातून दुसरा वैमानिक आला. देखणा होता, शिडीच काय झाडावरही चढला असता. रिकामी फेरी मात्र घालत नसे. पहिल्याच दिवशी अर्ध्या गावाच्या उडदावर औषध पडलं आणि शेजारणीच्या अकरा कोंबड्या गेल्या. शेजारीण नव्या वैमानिकाला शिव्या घालत राहिली. पाकीट कुणी टाकलं ते तिला माहीत नव्हतं. सासूबाईंना माहीत होतं. त्यांनी निमूटपणे आमचे उडीद केरात ओतले.

त्याच सुमारास भाऊजींचं पोस्टकार्ड आलं. वाऱ्यातलंच अक्षर. 'वहिनी, काल तुमच्या गावावरून गेलो. वाकळ दिसली. पण एक कोपरा उडायलाय. वरवंटा परत जागेवर ठेवा.' मी धावत शिडी चढले. कोपरा खरंच उडत होता! चटणी वाटायला मी वरवंटा ते गेले त्याच संध्याकाळी खाली आणला होता आणि तिथं परत काही ठेवलंच नव्हतं; पावसात वाकळ आत घ्यायची, उघडीप झाली की तीन दगडांखालीच परत पसरायची. त्या दिवशी मी कार्ड घेऊन गावभर हिंडले. एवढ्या उंचावरून वरवंटासुद्धा दिसतो बघा! गंगारामनं तर आपल्या बैलाची शिंगं रंगवून घेतली. पुढं दिवाळीला एखादं कार्ड यायचं, मग तेही थांबलं. आकाशात घरघर झाली की मी मात्र अंगणात येऊन उभी राहायची.

मागल्या वर्षी नातीनं मला विमानात बसवलं. पन्नास वर्षांनी मिळाली एकदाची ती खुर्ची, तीही खिडकीची. इरकली नेसले होते. तीच, जरा विरलेली. बराच वेळ खाली पाहिलं. पांढरं, नुसतं पांढरं, मध्येच एखादा निळसर डाग.

"इथून माळवदावरची वाकळ दिसते का गं?" मी विचारलं.

"आजी, इथून गाव दिसत नाही. वाकळ कुठली?"

मग मला पेटी आठवली. 'येत नाही' म्हणणारं ते पाकीट अजून माझ्या पेटीत आहे, बंदच्या बंद. त्याच्याखाली ते कार्ड. भाऊजींना वरून काहीच दिसलं नव्हतं. आपली पाठ वळली की वहिनी चटणी वाटायला वरवंटा काढून नेणार, एवढं त्यांना आमच्या चुलीपाशी जेवून ठाऊक झालेलं होतं.

मी खिडकीला कपाळ टेकवून खाली बघत राहिले. नातीनं विचारलं, "आजी, दिसतंय का काही?"

"दिसतंय की," मी म्हटलं. "कोपरा उडायलाय."