वायर कापलेली बेल

या कॉलममधले अनुभव मी जेवताना वाचते आणि नवऱ्याला वाचून दाखवून हसते, हे आधीच कबूल केलेलं बरं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नमुन्यात जे दिसतं ते आहे, नाही दिसत ते नाही — इतका साधा हिशोब. घरात भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी उठून जाणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण लिहिते... कुणाला काही सुचलं तर.

आम्ही नागपूरला, हुडकेश्वरला राहतो. सासऱ्यांनी बांधलेलं घर. खाली मी, माझे मिस्टर नीलेश आणि सासूबाई. वरचा मजला मागाहून चढवला, तिथे धाकटे दीर आणि जाऊ शीतल. खालचं मीटर वेगळं, वरचं वेगळं.

सासूबाईंची (आम्ही आईच म्हणतो) फुप्फुसं फार कमजोर झाली आहेत. दवाखान्यातून घरी आणल्यापासून ऑक्सिजनची मशीन दिवसरात्र चालू. लाईट गेली की सिलेंडर. हाक मारण्याचीही ताकद नाही, म्हणून नीलेशने त्यांच्या उशाशी एक बटण लावून दिलं होतं. ते दाबलं की स्वयंपाकघराच्या दारावरची जुनी बेल किर्रर्र करायची.

घर बांधलं तेव्हा चार ट्यूबलाईट, पंखे आणि एक टीव्ही. बोर्डही तसाच — लाकडी पाटीवर चिनीमातीचे फ्यूज. आता एसी, गिझर, इंडक्शन, स्कूटीचं चार्जिंग आणि त्यात भर आईंची मशीन! एप्रिलमध्ये एसी सुरू झाला आणि फ्यूज उडायला लागला. फ्यूज उडाला की मशीन बंद आणि तिचा तो पीं-पीं अलार्म सुरू. मला तर वाजत नसतानाही तो ऐकू यायला लागला होता. आंघोळ करताना मध्येच नळ बंद करून मी कान देऊन ऐकायचे. शेवटी ठरवलं, बोर्ड बदलायचा. नवीन एमसीबी, जाड वायर, सगळं.

नीलेशच्या ओळखीचे इलेक्ट्रिशियन विलासभाऊ सकाळीच आले. "टेन्शन नका घेऊ ताई, दिवस मावळायच्या आत लाईट देतो तुमाले," म्हणाले. आईंना सिलेंडरवर घेतलं, खालच्या मीटरचा मेन स्विच पाडला आणि जुना बोर्ड उतरवला. भिंतीतून नुसत्या वायरी लोंबायला लागल्या. बेलची वायर तर विलासभाऊंनी माझ्यासमोर कापली. "हे लय जुनी झाली, नवीनच टाकू." मी मात्र येता-जाता सिलेंडरचा काटा बघत होते.

जेवणं झाली. मी ओटा पुसत होते. पॅसेजमध्ये विलासभाऊ स्टुलावर उभे राहून छिन्नीने भिंत फोडत होते, नीलेशने स्टूल धरलं होतं.

आणि बेल वाजली.

सवयीने मी फडकं टाकून आईंच्या खोलीकडे निघाले सुद्धा... आणि पॅसेजमध्येच थबकले. विलासभाऊंचा हातोडा थांबला होता.

"हे काहून वाजून राहिली?"

"दाराची असेल," नीलेश म्हणाला.

"दाराची कशी वाजन गा दादा? खाली लाईटच नाही ना."

परत वाजली. या वेळी लांबलचक, कुणीतरी बटणावर बोट दाबून धरल्यासारखी. बेलच्या वायरचं कापलेलं टोक विलासभाऊंच्या डोळ्यांसमोर लोंबत होतं. ते त्याच्याकडे बघत बघतच स्टुलावरून उतरले.

आम्ही तिघंही आत गेलो. आई जाग्या होत्या.

"आई, बटण दाबलं का तुम्ही?"

"म्या काहून दाबू वं? पडून होती मी," मास्क जरा बाजूला करून त्या म्हणाल्या. "कोण वाजवून राहिलं एवढं?"

म्हणजे त्यांनीही ऐकली होती. बटण पलंगाच्या मागे सरकलं होतं. ते काढायला मी वाकले, आधारासाठी भिंतीला हात लावला — आणि झटक्यात मागे घेतला. तव्याला हात लागावा तसं झालं!

नागपुरात एप्रिलमध्ये भिंती तापतातच. पण ती उन्हाची भिंत नव्हती, आतली होती. आणि आता वासही आला... प्लास्टिक जळतं तसा.

विलासभाऊ ओरडले, "ताई, पहिले सिलेंडर बंद करा! दादा, आईले उचला!"

मी सिलेंडरची चावी फिरवली. आधी उलटी फिरवली, मग सुलटी. नीलेशने आईंना लहान मुलासारखं उचलून हॉलमध्ये नेलं. विलासभाऊ वरच्या मीटरचा मेन पाडायला धावले. वरून शीतलचा आवाज आला, "काय झालं हो? एसी बंद झाला!" इकडे आईंचे ओठ निळसर पडायला लागलेले. मी सिलेंडर ओढत हॉलमध्ये आणला, परत सुरू केला, मास्क लावला. त्यांची छाती नीट वरखाली व्हायला लागली तेव्हाच मी मास्कवरचा हात काढला.

नंतर भिंत फोडली. वरचा मजला चढवताना तिथली लाईन याच भिंतीतून नेली होती, पंखे-दिव्यांपुरती बारीक वायर. त्याच वायरवर आता एसी चालत होता. आतला पाईप वितळून काळा झाला होता. पलंगाच्या प्लायची मागची बाजू करपली होती — बरोबर जिथे उशी असते तिथे. तिथेच ऑक्सिजन... पुढचा विचार मी अजूनही करत नाही.

वायर जळण्याचं कारण समजलं. पण बेलचं?

नीलेशचा इंजिनियर मित्र म्हणाला, भिंतीतल्या त्या गरम वायरचा करंट बेलच्या वायरमध्ये उतरला असेल. मी आनंदाने मान हलवली. खरंच सांगते, मला ते पटायला हवंच होतं. नवीन बोर्ड लागल्यावर विलासभाऊंनी सहज ती बेल थेट लाईनला जोडून बघितली. वाजली नाही. उघडली तर आतल्या कॉईलची तार तुटलेली. "हे तर करंट देऊनबी वाजत नाही, ताई," ते म्हणाले. त्याच दिवशी सकाळी आईंनी चहासाठी तीच बेल वाजवली होती. ती कधी तुटली कुणास ठाऊक. मग दुपारी आम्ही चौघांनी काय ऐकलं?

आता वरची-खालची सगळी वायरिंग नवीन आहे. आईंना सेलवर चालणारी रिमोटची बेल आणली आहे, ती गाणं वाजवते. फ्यूजची कटकट गेली. सगळं व्यवस्थित आहे.

फक्त अधूनमधून आई विचारतात, "काय वं, ते जुनी बेल वाजली ना आता?"

आम्हाला कुणालाच ऐकू आलेली नसते. वय झालंय, भास होत असतील, असं नीलेश म्हणतो. तरीही सगळ्यात आधी तोच उठतो.

काल परत वाजली म्हणाल्या. मी आणि शीतलने मिळून घरातल्या एकूण एक भिंतीला हात लावून बघितला. कुठेच काही नव्हतं. तरी रात्रीपर्यंत एसी बंद ठेवूनच बसलो.