बिनपत्त्याचा दगड

नागपूरच्या अख्ख्या इतवारीत माझ्यासारखी कल्हई करणारा माणूस तुम्हाले सापडणार नाही. सापडणार कुठून, घरोघरी स्टीलचे भांडे आले, अन् मी एकटाच भाता घेऊन बसून राहिलो. असाच बसलो होतो, तं गल्लीतला नवा डाकिया सायकलवरून उतरला. हातात पत्र नाही, काही नाही. म्हणे, "नामदेवभाऊ, सुदाम मेश्राम गेले काल." त्याले आता महिना झाला. मले अक्षर येत नाही, म्हणून मी सांगून राहिलो अन् पोरगी लिहून राहिली. तिले म्हटलं, बोलतो तसंच लिही वं, सुधरवू नको. सुधरवण्यापायीच तं सारं झालं.

सुदाम पण डाकियाच होता. घर नागपुरात, नोकरी तिकडं कुही तालुक्याच्या खेड्यांत. शनिवारच्या मोटारीनं यायचा अन् घरी जायच्या आधी माझ्या दुकानात टेकायचा. झोळी गोट्यांनी भरलेली. कशावर शिंपला उठलेला, कशावर गोगलगाय, एखाद्यात झाडाचं पान. मी म्हणो, "सरकार तुले पत्रं वाटाले ठेवते का गोटे वेचाले?" तो हासे. पण प्रत्येक गोट्याभोवती एक चिठ्ठी गुंडाळलेली राहे. गाव कोणतं, वावर कोणाचं, किती खोल, माती कशी. "नाम्या, बिनपत्त्याचं पत्र जसं डाकखान्यात पडून राहते ना, तसाच बिनपत्त्याचा दगड. कोणाच्याच कामाचा नाही," म्हणे. मी मान हलवो. समजत काही नव्हतं, पण चहा त्याच्याकडून राहे.

बांगलादेशची लढाई झाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कुहीकडच्या एका खेड्यात विहीर खोदून राहिले होते. खालून निघालेल्या मलब्यात त्याले एक गोटा भेटला. पावाएवढा, वरून फुगीर, अन् डोक्यावर पाच पाकळ्यांचं फूल, कोणी सुईनं टोचून काढल्यावाणी. अर्धं अंग पिवळ्या चुनखडीच्या मातीत रुतलेलं. सुदाम तो माझ्या तोंडापुढं नाचवत म्हणे, "हा गोड्या पाण्यातला नाही गा. मी पुस्तकात पाह्यलं. समुद्रातला जीव आहे हा. इथं समुद्र होता, नाम्या!" मी म्हटलं, "मंग उद्यापासून कल्हई बंद, मासोळ्या विकतो." सोमवारी कॉलेजातल्या साहेबाले दाखवाचं ठरलं. घरी त्याची बायको, आमची वयनी, गोटे फेकून देते, म्हणून त्यानं तो माझ्या दुकानात ठेवला अन् चिठ्ठी खिशात घालून गेला.

आता कल्हईवाल्याचा हात कसा राहते, की काळं भांडं दिसलं का त्याले खाज सुटते. रविवारी काम नव्हतं. म्हटलं, एवढ्या मोठ्या साहेबापुढं आपला दोस्त असा मातीचा गोटा घेऊन जाईन का? पातळ केलेल्या तेजाबात बुडवला. फसफस, फसफस... मले वाटलं, काय मळ निघून राहिला बाप्पा! मंग वाळू लावून सुंभाच्या गोळ्यानं घासला, चिंधीनं पुसला. पितळी गडव्यापेक्षा गुळगुळीत. उभ्या जन्मात एवढं मन लावून काम केलं नाही मी.

सोमवारी सुदामनं पाह्यला. खाली बसला अन् बादलीच्या तळात बोटं फिरवून पाहून राहिला, पिवळं काही उरलं का. ते पाणी मी कालच नालीत फेकलं होतं. मी विचारलं, "कसा झाला?" तो म्हणे, "चाल."

साहेबांनी भिंगातून पाह्यलं. "समुद्री साळूचं, म्हणजे एका काटेरी गोल जीवाचं, कवच आहे हे, दगड झालेलं. समुद्रातलंच, शंका नाही. कुठे मिळालं?" सुदामनं चिठ्ठी देल्ली. साहेब खुर्चीतून उठलेच. "तिथे? त्या भागात समुद्राचं काही मिळाल्याचं मी तरी ऐकलं नाही. खरं असेल तर फार मोठी गोष्ट आहे. याला चिकटलेली माती कुठाय? चिठ्ठी काय, कोणीही लिहील. हे तिथलंच का, ते मातीवरून कळलं असतं." मंग भिंग पुन्हा लावलं अन् तोंड उतरलं. "धुतलं कोणी हे? वरचे बारीक दाणे, छिद्रं, सगळं गेलंय. आता याची जातही सांगता यायची नाही." मी जमिनीवरच्या फरश्या मोजून राहिलो होतो. सुदाम म्हणे, "मीच धुतलं, साहेब." साहेब म्हणाले, "इतकं कळतं तुम्हाला, आणि असं केलंत?" अन् चिठ्ठी परत केली.

दुसऱ्या दिवशी दोघं ती पिवळी माती शोधाले त्या खेड्यात गेलो. विहिरीले पाणी लागलं होतं, लोकं गूळ वाटून राहिले होते. मलबा सारा गाडीवाटेवर पसरून दाबला होता, वरून बैलबंड्या जाऊन राहिल्या होत्या. सुदामनं हातावरचा गूळ खाल्ला. मी पण खाल्ला, बेशरमासारखा दोनदा.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत त्यानं त्या बाजूची एक विहीर सोडली नाही. शिंपले भेटले, गोगलगाई भेटल्या, फुलाचा गोटा पुन्हा भेटला नाही. मले कधी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तं मी जोक मारून सुटलो असतो. शेवटी दवाखान्यात खाटेवर होता, तवा म्हणे, "नाम्या, असन का गा इथं समुद्र?" मले म्हणायचं होतं, होता, अन् मी तो नालीत ओतला. पण तोंडातून निघालं, "असता तं नागपूर एवढं तपलं असतं काहून?" तो हासला, मंग खोकलला... खोकलतच होता, अन् मी निघून आलो.

परवा त्याच्या घरी गेलो. भिंतीले खणाखणाचं लाकडी कपाट, डाकखान्यात पत्रं लावतात तसं. खणात गोटा, गोट्याखाली चिठ्ठी. तो गुळगुळीत गोटा सगळ्यात खालच्या खणात. तो कोणं धुतला हे सुदामनं घरी सांगतलं नसन, असंच मी इतके वर्षं धरून चाललो होतो. चिठ्ठी वयनीनं वाचून दाखवली. गाव, विहीर, खोली, अन् शेवटी, "माती पिवळी, चुन्याची. होती."

"हा तुम्हीच न्या भाऊजी," वयनी म्हणे. गोट्यावर धूळ बसली होती. माझा हात आपोआप खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे गेला.

"पुसू नका," वयनी म्हणे. "तुमच्या हातानं एकदा साफ झाला, तेवढं बस झालं."