तोरणाखालची रांग

जानराव वलगावात जन्मला, वलगावातच त्याचं लग्न लागलं, आज्याला अन् बापाला अग्नी दिला तो पेढी नदीच्या काठीच. तरी गाव त्याला उपराच समजायचं. आजा दुष्काळात खानदेशातून आला होता, एवढंच काय ते निमित्त. साठ वर्षं झाली बाप्पा त्याला! पण नको त्या गोष्टीत गावाची आठवण भारी पक्की.

एरवी कोणी बोलून दाखवत नसे. पोळ्याला मात्र सगळं उघडं पडायचं. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं की त्याखाली बैलजोड्या मानानं उभ्या राहायच्या. पहिली पाटलाची, मग भाऊबंदांची, मग बाकीच्या गावाची. अन् सगळ्यांच्या मागं, चार हात सोडून, जानरावाची. बापही तिथंच उभा राहायचा.

अमेरिकेत लढाई पेटली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जानरावानं बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. जागा तीच! वैतागून तो उन्हाळ्यात आज्याचं गाव हुडकत खानदेशात गेला. भाऊबंद सापडले, त्यांनी पाणी दिलं, जेवू घातलं, अन् दुसऱ्याच दिवशी 'वऱ्हाडी पाहुणे कधी निघणार' म्हणून विचारलं. घ्या! दोन्हीकडून दारं बंद.

परतला तर सरकारी मोजणी आलेली. कारकुनानं वावर मोजून कागदावर लिहिलं : जानराव, राहणार वलगाव. जानरावाला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं तडक भगवंतराव पाटलांचं घर गाठलं.

"पाटील, आता तं सरकारनंच लिवलं. औंदा मले गावाच्या रांगेत घ्या."

पाटील पानाला चुना लावत होते. "कागद सरकारचा हाये. तोरण गावाचं हाये."

"मंग मी हावो तरी कोन्या गावचा? तिकडचे ठेवत नाही, तुमी आत घेत नाही. मानसानं जावं कुठी?"

"जातं कायले? हाये तिथंच उभा राय ना," पाटील म्हणाले आणि पान तोंडात घातलं.

पोळ्याच्या दिवशी बायको, रुख्मिणी, म्हणाली, "काहून जाता अपमान करून घ्याले?"

"बैलायनं काय पाप केलं व?" म्हणत जानराव निघाला. नेहमीच्या जागी उभा राहिला. राग इतका, की पुढच्या जोड्यांकडं पाहवेना.

तेवढ्यात मागून एक माणूस आला. निमाडातून कापसाच्या कामाला आलेला, चार महिने झाले गावात. बैल मरतुकडे, पण शिंगं हौसेनं रंगवलेली. मोडक्या वऱ्हाडीत त्यानं विचारलं, "दादा, तुमच्या बाजूले उभा राहू का?"

जानरावानं वळून पाहिलं. आता त्याच्याही मागं कोणीतरी होतं.

"मांगं राय," तो खेकसला. "ही रांग गावच्या लोकायची हाये."

पुढून भगवंतराव वळले अन् मान डोलावून म्हणाले, "बराबर सांगितलं जानरावनं."

जानरावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं, अन् लगेच त्याला स्वतःची किळस आली. शब्द माघारी घ्यावा, असं वाटलंही. पण सारं गाव त्याच्याकडं पाहत होतं. तो सरकला नाही. निमाडी माणूस चार हात मागं जाऊन उभा राहिला.