भिंतीकडे वळवलेला मॉनिटर

दुकानात कोणी पाऊल टाकले, की तो मॉनिटर भिंतीकडे वळवी आणि म्हणे, "बनून राहिली, काकाजी." कुडव्याच्या चौकातले त्याचे संगणकाचे दुकान तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच्याविषयी आज जे ऐकू येते, त्यातले निम्मे खोटे आहे आणि उरलेले अर्धवट.

ओठ दुभंगलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी आमच्या समितीने झाडीपट्टीच्या नाटकाचा मदतप्रयोग ठरवला होता. परगावच्या दात्यांसाठी वेबसाइट हवी, असे अध्यक्षांच्या मनात आले. गोंदियात तेव्हा ती अपूर्वाईची गोष्ट होती. मुलांचे चेहरे पहिल्याच पानावर मोठे दिसावेत, असे ठरले आणि समितीच्या कॅमेऱ्याचे कार्ड त्याच्या हाती दिले. डॉक्टरांनी प्रयोगाची वाट न पाहता मुलांना शस्त्रक्रियेसाठी नागपूरला बोलावून घेतले.

वेबसाइट मात्र बनूनच राहिली होती, म्हणजे अजून बनतच होती. माझा स्वभाव संशयी आहे. त्याची मला लाज नाही. एके दुपारी न कळवता गेलो आणि मॉनिटर स्वतः फिरवला. पानावर मुले होती, पण पाठमोरी, नाटकाची तालीम बघत उभी. कार्डातला तेवढाच फोटो त्याने ठेवला होता.

"चेहरे कुठे आहेत?"

"पुसून टाकले."

"काऊन?" रागाने माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

"आता ओठ शिवून येतीन, काकाजी. पोरी मोठ्या होतीन, पाहाले पाव्हणे येतीन. तवा कोनी इथून जुना फोटू काहाडून दाखवन, मंग? भिंतीवरचा फोटू उतरवता येते. हा नाही उतरत."

"समितीला विचारायचे होतेस."

"विचारलं असतं तं तुमी नाही म्हटलं असतं."

हे खरे होते. तरीही तसा अधिकार त्याला नव्हता, हे मी आजही म्हणतो. त्याचे म्हणणे चूक नव्हते, हेही म्हणतो. दोन्ही गोष्टी मी बैठकीत उभे राहून सांगितल्या. अध्यक्षांना एकही पचली नाही. गावभर पसरले ते वेगळेच: फोटो व्हायरसने गेले, तो पिऊन काम करी, त्याच्यापायी प्रयोग पडला. प्रयोग पडला नाही. मंडपात उभे राहायला जागा नव्हती. पण त्यानंतर त्याच्याकडे काम घेऊन कोणी जाईना आणि दुकान बंद झाले. तो पळाला म्हणतात. कुठे गेला हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना पळाला हे कसे ठाऊक?

गेल्या हिवाळ्यात त्या मुलांपैकी एकीच्या लग्नाचे फोटो माझ्या मोबाइलवर आले. ती थेट कॅमेऱ्यात बघून हसते आहे. ओठावर पुसट रेघ आहे. ठाऊक असणाऱ्यालाच दिसेल. मी पंगतीचा फोटो मोठा केला आणि एकेक पाहुणा तपासला. पाठमोऱ्या बसलेल्यांनाही सोडले नाही.

तो त्यांत नव्हता.