फ्रीझरची पूजा

"तू बाहेरच थांब. तुमच्यात हे चालत नाही ना?"

साहेब हसत म्हणाले. हसून बोललं की अपमान होत नाही, अशी त्यांची समजूत असावी. खंडेनवमी होती. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये यंत्रांची पूजा होती. मी बौद्ध आहे, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी आडनावावरून हेरलं होतं. आमच्या लॅबमधली केरळची ख्रिश्चन मुलगी आत होती. तिच्यात चालत असावं.

दार लागलं. मी काचेतून बघत राहिले.

आम्ही उंदराची प्रथिनं बनवतो. उंदराचं जनुक जिवाणूंत घालायचं, जिवाणू वाढवायचे, त्यांनी बनवलेलं प्रथिन वेगळं करून शुद्ध करायचं. शरीर कर्करोगाशी कसं लढतं हे शोधणारे लोक ते विकत घेतात. गेटवरचे वॉचमन मामा अजून विचारतात, "म्याडम, उंदरं ठिवलीत तरी कुठं?" उंदीर नसतोच. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये बोटाच्या पेराएवढ्या नळ्या असतात. वितळून पडून राहिल्या की वाया. त्या मी भरलेल्या. शुद्धतेच्या कागदावर सही माझी.

साहेबांनी फ्रीझरला कुंकू लावलं, मुठीला झेंडूचा लांब हार घातला. मग फोटोसाठी दार उघडलं. पांढरी वाफ बाहेर आली आणि साहेब पौराणिक नाटकातल्या देवासारखे दिसायला लागले. फोटो बरेच निघाले. अलार्म वाजला. आरतीत कटकट नको म्हणून कुणीतरी तो बंद केला. मी काच वाजवली. आतून हाताची खूण आली, थांब.

मला पेढा बाहेर आणून दिला. लॅबला कुलूप साहेबांनी स्वतः लावलं.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर फरशीवर पाणी. दाराच्या रबरात हार अडकलेला. फट बोटभर. नळ्यांमधलं सगळं वितळलेलं.

दुपारी केबिनमध्ये बोलावणं आलं. माझा कबुलीजबाब टाइप करून तयार होता. फ्रीझरचं दार शेवटी मी लावलं, ते नीट लागलं का ते बघितलं नाही. खाली माझं नाव.

"सही कर. तुम्हा लोकांना संधी दिली की हे असं होतं."

खासगी कंपनीत राखीव जागा नसतात. मी परीक्षा देऊन, मुलाखत देऊन आले होते. साहेब त्यांच्या सख्ख्या मामांच्या एका फोनवर नोकरीला लागले होते.

हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा डोक्यात एकच. इथून काढलं तर दुसरीकडेही कुणी घेणार नाही, साहेब लोकांचे फोन आधी पोचतात. मी पेन उचललं होतं. खोटं कशाला सांगू, सही करणारच होते. पण खाली टाइप केलेलं माझं नाव वाचलं आणि पेन परत ठेवलं. पाणी पिऊन येते म्हणाले आणि जिन्यात जाऊन घरी, खुटबावला, वडिलांना फोन लावला.

"आप्पा, फ्रीझरचं दार मी उघडं ठिवलं असं लिहून मागत्यात."

"तू तितं व्हतीस का?"

"न्हाई. मला भायेर उभं केलं व्हतं."

आप्पा म्हणाले, "मंग तसंच लिव्ह की."

मी हाताने लिहिलं. हार, अलार्म, कुलूप. आणि एक ओळ: बौद्ध म्हणून मला पूजेच्या वेळी बाहेर उभं केलं होतं.

साहेबांनी वाचलं. आवाज एकदम मऊ झाला. "हार अडकला, ठीक. अपघात म्हणू. तुझ्यावर काही येणार नाही. फक्त ही एक ओळ काढ. बरं नाही दिसत."

नोकरी वाचत होती. एका ओळीच्या बदल्यात.

"नाही काढणार, सर."

"का?"

"ती काढली तर मी आत होते असं होतं."

"चौकशीला बोलावू तेव्हाच ये आता," साहेब म्हणाले.

चौकशी सोमवारी आहे. समोर चौघं बसणार, मधोमध साहेब. फोन वाजला तरी मी दचकते. भीती गेल्यावर बोलायचं ठरवलं, तर मी म्हातारी होईन. म्हणून भीत भीत जाणार. ती ओळ मोठ्याने वाचणार. त्यांनी कागद फाडला, तर त्यांच्यासमोर बसून पुन्हा लिहीन.